आपलेच काम, आपलीच इंग्रजी वही

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. माणूस प्रत्यक्ष कृतीतून शिकतो, हा तेथील त्यांचे गुरू जॉन ड्यूई यांचा आग्रह. ड्यूईंचेच शिष्य विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली ‘प्रकल्प पद्धती’ मांडली. व्यवसायाचे इंग्रजी शिकताना ती आपल्या फार उपयोगाची आहे.

आपली मुले-मुली पदवी घेतात, व्याकरण पाठ करतात. पण दरपत्रक लिहायची वेळ आली की दुसऱ्याचे दार ठोठावतात. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी ४ टक्के वाटा ठरलेला आहे. निविदेच्या अटी मात्र बहुधा इंग्रजीत असतात. त्या न कळल्यामुळे हक्काचे काम का गमवावे?

म्हणून प्रत्येकाने आपलेच काम धड्याला घ्यावे. गणवेश शिवणाऱ्या ताईने शाळेसाठी दरपत्रक करावे : नग, दर, जीएसटी, माल देण्याची तारीख, पैसे मिळण्याची मुदत. वायरमन भावाने थकलेल्या बिलाचे स्मरणपत्र लिहावे. अडलेले शब्द वहीत उतरावेत. व्याकरण त्या कागदापुरतेच शिकावे. रविवारी विहारात चौघांनी बसावे, एकाने गिऱ्हाईक होऊन इंग्रजीत घासाघीस करावी. जाणकाराकडून तपासून कागद खरोखरच पाठवावा. उत्तर आले की तोच पुढचा धडा!

बंधू-भगिनींनो, इंग्रजी ही कोणाची मिरासदारी नाही. आजच एक वही घाला. जयभीम!