दहा ऑगस्टच्या अलीकडची माणसं

मुलचेरा तालुक्यातल्या गावांची नावं ओळीनं वाचत गेलं की साठ वर्षांचा इतिहास आपोआप हाती लागतो. कोपरअल्ली, आंबटपल्ली, लगाम ही जुनी नावं. त्यांच्या शेजारी सुंदरनगर, विवेकानंदपूर, शांतिग्राम. ही दुसरी नावं पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वस्त्यांची. खुलना, बारिसाल, फरीदपूर, जेसोर अशा नदीनाल्यांच्या मुलखातली, भात आणि मासळीवर जगणारी ही माणसं सरकारनं साठच्या दशकात तेव्हाच्या चांदा जिल्ह्याच्या जंगलात आणून वसवली. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो पुढे 1982 साली. चंद्रपूर शहरात तर ‘बंगाली कॅम्प’ हे आता नुसतं पत्त्यातलं नाव उरलं आहे. कॅम्प कसला, हे रिक्षात बसताना कुणी विचारत नाही. पुनर्वसनाच्या हिशेबात ही सगळी कुटुंबं ‘वसवलेली’ या रकान्यात मोडतात. जमीन दिली, घराला जागा दिली, फाईल बंद झाली. पण फाईल बंद झाल्यावर त्या धोरणाचं काय झालं हे पाहायचं असेल, तर इथल्या एखाद्या मुलानं जातीच्या दाखल्यासाठी जमवलेल्या कागदांचा गठ्ठा उलगडून पाहावा.

त्या गठ्ठ्यात अर्जदाराचा, वडिलांचा, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो, वंशावळीचं शपथपत्र लागतं, आणि विदर्भात ज्यावर सगळी भिस्त असते ती कोतवाल पंजीची नक्कल लागते. गावच्या कोतवालानं ठेवलेली ही जन्ममृत्यूची वही. त्यात बाळाचं नाव पुष्कळदा नसतंच. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख, एवढ्यावर ओळ संपते. पिवळ्या पडलेल्या पानावरची ही एक ओळ सापडली की पुढच्या तीन पिढ्यांचं शिक्षण मार्गी लागतं. महाराष्ट्रात अनुसूचित जातीसाठी पुरावा मागितला जातो तो 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा. राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींची यादी जाहीर केली तो हा दिवस. चामोर्शीच्या महार कुटुंबाचा आजोबा त्या वहीत सापडू शकतो. सुंदरनगरच्या कुटुंबाचा आजोबा त्या दिवशी खुलन्यात होता.

आणि तो इकडे आला कसा, हेही सरकारनं तारखा घालूनच ठरवलं होतं. मार्च 1958 पर्यंत आलेले ते जुने निर्वासित. त्यानंतर 1963 अखेरपर्यंत आलेल्यांना पुनर्वसनाचा हक्कच नाही. 1 जानेवारी 1964 ते 25 मार्च 1971 या काळात आलेले ते नवे निर्वासित, आणि त्यांना मदत मिळणार ती पश्चिम बंगालबाहेर जायला कबूल असतील तरच. म्हणजे रायपूरजवळच्या माना तळावरून चांद्याकडे निघालेल्या माणसानं हा मुलूख निवडलेला नव्हता. ज्या शासनव्यवस्थेनं त्याला 1964 नंतर इथं येण्याची अट घातली, तीच व्यवस्था आज त्याच्या नातवाकडे इथला 1950 पूर्वीचा पुरावा मागते. दहा ऑगस्ट ही तारीख इथल्या बंगाली घरांत पोरासोरांनाही पाठ असावी, इतकी ती त्यांच्या आयुष्याला चिकटली आहे.

पुरावा मिळाला असता तरी अडचण सरत नाही, कारण यातल्या बहुसंख्यांची जात नमोशूद्र, आणि महाराष्ट्राच्या यादीतल्या 59 नोंदींत ती नाही. पश्चिम बंगालच्या यादीत आहे. ओडिशाच्या यादीतही आहे. त्याच माना तळावर आलेल्या दोन सख्ख्या भावांपैकी एकाची रवानगी मलकानगिरीला झाली आणि दुसऱ्याची चांद्याला, तर एकाची मुलं अनुसूचित जातीची आणि दुसऱ्याची खुल्या प्रवर्गातली. महाराष्ट्राला तरी हे विसरणं शोभत नाही. 1946 साली बाबासाहेबांना संविधान सभेत जागा मिळाली ती मुंबईतून नाही, बंगालमधून. आणि त्यासाठी जिवाचं रान केलं ते जोगेंद्रनाथ मंडल या नमोशूद्र नेत्यानं.

या पुनर्वसनाचा त्या काळी अभ्यास झालाच नाही असं नाही. मलकानगिरीसारख्या भागांत निर्वासितांना वसवणाऱ्या दंडकारण्य विकास प्राधिकरणाचे अध्यक्ष राहिलेले शैबाल कुमार गुप्ता यांनी 1965 साली ‘इकॉनॉमिक वीकली’त या सगळ्या प्रयोगाची कठोर चिरफाड केली: जमीन हलकी, पाण्याची सोय अपुरी, पीक पोट भरण्याइतकंही नाही. त्यांचं बोलणं वेळीच ऐकलं गेलं नाही, आणि 1978 मध्ये हजारो कुटुंबं दंडकारण्य सोडून सुंदरबनातल्या मरिचझापी बेटाकडे निघाली. पुढच्या वर्षी पोलिसांनी त्यांना तिथूनही हुसकावलं. तरी त्या पिढीच्या अभ्यासाची मोजपट्टी एकर, क्विंटल आणि कुटुंबसंख्या हीच होती. मुलं मोठी झाल्यावर त्यांची जात कुठल्या यादीत शोधायची, हा प्रश्न त्या मोजपट्टीत बसत नव्हता. आणि ज्यांच्या रानात या वस्त्या उठल्या, त्या माडिया-गोंडांना कुणी विचारायचं, हाही नाही.

इथंच सर्वांत रास्त आक्षेप उभा राहतो. आमचं जंगल तोडून यांना जमीन दिली, आता सवलतीही यांनाच का, असं आदिवासी माणूस म्हणतो तेव्हा त्यात खोट नाही. पण जमीन वाटली ती सरकारनं. त्याची भरपाई नमोशूद्रांचा दाखला अडवून होत नाही. ती ग्रामसभेचे हक्क मानून होते. वनहक्क कायदा आदिवासी नसलेल्यांकडून 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास मागतो. त्या अटीत हे बंगाली शेतकरी बसत नाहीत, आणि माझ्या मते ती अट योग्य आहे, कारण ती ज्याचं रान त्याचं राखते. दहा ऑगस्टची अट मात्र निर्वासिताला लावली की कुणाचंच काही राखत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली पुन्हा सांगितलं की एका राज्यातली अनुसूचित जात दुसऱ्या राज्यात तो दर्जा मागू शकत नाही. तो नियम पोटापाण्यासाठी राज्य बदलणाऱ्याला समजण्यासारखा आहे. पण या माणसांना भारतात मागे सोडलेलं राज्यच नव्हतं.

दुसरा आक्षेप वाट्याचा. ज्या गडचिरोली जिल्ह्यात ओबीसींचं आरक्षण वर्षानुवर्षं 6 टक्क्यांवर अडकलं होतं, तिथं एकेका टक्क्याची किंमत कळायला पुस्तक लागत नाही. आधीच्या अनुसूचित जातींना वाटणारी धास्ती खरी आहे. तिसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. यादीत येण्याची कसोटी अस्पृश्यतेतून आलेलं मागासलेपण ही आहे. सगळं गावच एका जातीचं असेल तर तिथं शिवाशीव पाळणार कोण? पण 1911 च्या जनगणनेपर्यंत ज्यांची नोंद ‘चांडाळ’ म्हणून होत होती, त्यांचं मागासलेपण सीमेवर उतरून ठेवता आलं नसेल. ते इथं किती उरलं आणि कुठल्या रूपात, हे नागपूर-मुंबईत बसून सांगता येणार नाही. 1999 पासूनची पद्धत ठरलेली आहे: राज्यानं अभ्यासासह शिफारस करायची, मग भारताचे महानिबंधक, मग राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग, मग संसद. या साखळीची पहिली कडी घरोघरच्या अभ्यासाची आहे, आणि तो वस्त्यांत जाऊनच करावा लागतो. त्याची सुरुवात गावच्या प्राथमिक शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरापासून करता येईल. इथं जन्मलेल्या पहिल्या पिढीची नावं मराठी मास्तरांनी देवनागरीत त्यातच लिहिली, आणि प्रत्येक नावापुढे जातीचा एक रकाना आहे.