आग आणि जाग

गोव्यातल्या शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत रात्री होमकुंड पेटते आणि पहाटेपूर्वी धोंड म्हणजे व्रतस्थ भक्त हातात वेत घेऊन त्यातून पार होतात. श्रद्धा ज्याची त्याची. पण एवढ्या मोठ्या अग्नीभोवती त्या रात्री सारा गाव जागा असतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. घरातल्या आगीचे नेमके उलटे असते. मध्यरात्री फ्रिजमागच्या जुन्या वायरीत किंवा गादीशेजारी चार्जिंगला लावलेल्या मोबाइलमध्ये ती सुरू होते, तेव्हा घरात कुणीच जागे नसते. चतुर्थीला गणपतीवरच्या फळापानांच्या माटोळीखाली समई तेवत असते, वर विजेच्या माळा असतात आणि दमलेली माणसे गाढ झोपलेली असतात. म्हणून धुराचा अलार्म ही शहरी फ्लॅटवाल्यांची चैन आहे, असे मला वाटत नाही. गावातल्या घरालाही त्याची तितकीच गरज आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आमची घरे हवेशीर, धूर कौलांतून निघून जातो. वाशांवर मंगळुरी कौले असलेल्या जुन्या घरापुरते ते बऱ्याच अंशी खरे होते. आता स्लॅब आले, फॉल्स सीलिंग आले, एसीसाठी खिडक्या बंद झाल्या आणि कापसाच्या गादीची जागा फोमने घेतली. फोमचा धूर काळा, दाट आणि विषारी असतो. दुसरा आक्षेप असा, की वासाने जाग येईलच. ती येईल याचा भरवसा नाही. झोपेत वासाची जाणीव जवळजवळ बंदच असते आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड झोप आणखी गाढ करतो. डिसेंबर २०२५मध्ये हडफडे येथील नाइट क्लबच्या आगीत २५ जण गेले, त्यांतले बहुतेक गुदमरून. ज्वाळा पोचण्याआधी धूर पोचतो, आणि अलार्म त्या मधल्या काही मिनिटांसाठी असतो.

तिसरा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो: फोडणी घातली की अलार्म बोंबलतो, मग वैतागून बॅटरी काढली जाते. दोष बहुधा जागेचा असतो. स्वयंपाकघरात किंवा चुडते-करवंट्या पेटवून पाणी तापवायच्या न्हाणीघरात धुराचा अलार्म लावूच नये. तिथे उष्णतेवर चालणारा लावावा. धुराचा अलार्म हवा झोपण्याच्या खोलीत आणि तिच्या बाहेर, छताला. गॅसगळतीचा वेगळा, आणि तो जमिनीलगत, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो. उरलेला दोष देखभालीचा. धुराच्या अलार्मच्या झाकणाच्या आत काळ्या प्लास्टिकची एक चक्रव्यूहासारखी कोठडी असते. तिच्यात एका बाजूने अदृश्य प्रकाश पडत असतो आणि त्याच्या वाटेबाहेर, तिरक्या कोनात, तो टिपणारा डोळा बसवलेला असतो. धुराचे कण आत शिरले की प्रकाश विखुरतो, डोळ्यावर पडतो आणि भोंगा वाजतो. पण धूळही तेच करते, बारीक कोळीही तेच करतो. शिरगाव खाणपट्ट्यातले गाव. तांबडी धूळ इथे नवी नाही, पावसाळ्यात किड्यांचीही कमी नाही. महिन्यातून एकदा बटण दाबावे, पण तेवढ्यावर थांबू नये. बटण बॅटरी आणि भोंगा शाबूत असल्याचे सांगते, जाळी तुंबली आहे का ते नव्हे. त्यासाठी दर काही महिन्यांनी मऊ ब्रश किंवा व्हॅक्यूम फिरवावा. ओले फडके नको. बॅटरी वर्षाला बदलावी, आणि १० वर्षांनी अख्खे यंत्रच. वीज गेली तरी बॅटरीवरचा अलार्म चालू राहतो, हे आपल्याकडे महत्त्वाचे.

अलार्म वाजल्यावर बाहेर कसे पडायचे, हा प्रश्न मात्र यंत्र सोडवत नाही. ३ मे २०२५च्या पहाटे शिरगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसे दगावली. जीव गेले ते गर्दीत, अग्नीत नव्हे. घरातही बाहेर पडायची वाट अशीच अडलेली असते: खिडक्यांना कायमचे ग्रील, मागच्या दाराला कुलूप आणि किल्ली कपाटात. चोरांची भीती खोटी नाही, पण त्यासाठी घरच्यांनाच कोंडू नये. एक ग्रील आतून उघडणारे करून घ्या, किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवा, वयस्कर माणसांना कोण बाहेर काढणार हे आधीच ठरवा. बाहेर पडल्यावर १०१ किंवा ११२ फिरवा, आणि सामानासाठी परत आत जाऊ नका. चतुर्थीच्या साफसफाईसाठी शिडी काढाल, तेव्हा त्याच शिडीवरून अलार्मची जाळीही झटका.