तोडीला निघताना गोळ्या मोजा
शुश्रूषेची बाराखडी : लेखांक ९

दसरा-दिवाळीच्या सुमारास घनसावंगी, अंबड, मंठा, परतूर भागातल्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांकडे निघतात. उचल घेतलेली असते, त्यामुळे दुखणं अंगावर काढूनच जावं लागतं. अशा माणसाला संधिवात, दमा किंवा किडनीच्या विकारासाठी प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी चालू असेल, तर सिस्टरनं रक्तदाब बघण्याआधी विचारावं, ‘‘दादा, निघणार कधी? गोळ्या कधीपर्यंत पुरतील?’’

ही गोळी मध्येच तुटणं जिवावर बेतू शकतं. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथी शरीराला लागणारं कॉर्टिसॉल रोज तयार करतात, सकाळच्या वेळी सर्वांत जास्त. म्हणून दिवसाची एकच गोळी असेल तर ती सकाळी, काहीतरी खाऊन घ्यायची. बाहेरून स्टेरॉइड तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ मिळालं की या ग्रंथी सुस्तावतात आणि पुन्हा कामाला लागायला त्यांना कधी कधी कित्येक महिने लागतात. तोवर गोळी एकदम थांबली, तर गळाठा येतो, उलट्या होतात, उभं राहिलं की चक्कर येते, रक्तदाब उतरतो. फडावर याला अशक्तपणा समजतात. आजार सरला तरी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं, टप्प्याटप्प्यानंच कमी करायची असते.

माणसं गोळी सोडतात ती हट्टानं नव्हे. तोंड सुजतं, पोट सुटतं, चारचौघांत लाज वाटते. काहींना उलट इतकं बरं वाटतं की गोळीची गरजच दिसत नाही. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या एका रुग्ण स्त्रीला याच जातीचं कॉर्टिसोन हे औषध प्रथम दिलं, तेव्हा जेमतेम हलू शकणारी ती बाई काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये हेंच यांना नोबेल मिळालं; औषधाचे दुष्परिणामही त्याच सुमारास उघडे पडू लागले. रागावण्याऐवजी सिस्टरनं हे दोन्ही रुग्णाला समजावून सांगावं.

रक्तातल्या साखरेबाबत एक चूक सर्रास होते. सकाळी गोळी घेणाऱ्याची साखर दुपारनंतर चढते. उपाशीपोटीची तपासणी चांगली आली म्हणून निर्धास्त राहू नका, दुपारच्या जेवणानंतरची साखर बघा.

ताप नाही म्हणजे संसर्ग नाही, असंही धरू नये, कारण स्टेरॉइड ताप आणि सूज दोन्ही झाकतं. उसाच्या पाचटानं कापलेले हातपाय, जांघा, तोंडातले पांढरे चट्टे हे सगळं डोळ्यांनी पाहावं लागतं. कातडी पातळ झालेली असते. तिच्यावर चिकटपट्टी लावली की काढताना सालटं निघतं. त्यापेक्षा कापडी पट्टी गुंडाळावी.

निघण्याआधी एका चिठ्ठीवर गोळीचं नाव, मात्रा आणि किती दिवसांपासून चालू आहे ते मराठीत लिहून द्या. चिठ्ठी जोडीदारालाही वाचून दाखवा. गोळी उलटीतून पडत असेल, तर खोपीत थांबायचं नाही; जवळच्या दवाखान्यात चिठ्ठी दाखवायची. तिथं इंजेक्शनातून स्टेरॉइड द्यावं लागतं.

पुढच्या आठवड्यात : हाडं आणि डोळे.