मुक्त माध्यमभांडारांतील छायाचित्रे : प्रताधिकार व खाजगीपणा

छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, चित्रफिती इ. साहित्य कोणालाही पाहता, उतरवून घेता, बदलता व पुन्हा प्रसिद्ध करता यावे, अशा अटींवर साठविणाऱ्या आंतरजालावरील संग्रहांस मुक्त माध्यमभांडारे म्हणतात. ७ सप्टेंबर २००४ रोजी सुरू झालेले विकिमीडिया कॉमन्स हे त्यांचे सर्वपरिचित उदाहरण होय. तेथील संचिकांची संख्या २०२३ मध्ये दहा कोटींवर गेली. अशा भांडारात छायाचित्र ठेवताना दोन स्वतंत्र प्रश्न उपस्थित होतात. छायाचित्रावर अधिकार कोणाचा, हा पहिला. छायाचित्रात दिसणाऱ्या व्यक्तीचे हित कोणी पाहावयाचे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर परवान्यात असते, दुसऱ्याचे नसते. हा भेद ध्यानात न आल्याने पुष्कळ घोटाळे होतात.

पूर्वपीठिका : हे दोन्ही प्रश्न आंतरजालापूर्वीचे आहेत. नेपोलियन सरोनी या न्यूयॉर्कच्या छायाचित्रकाराने काढलेल्या ऑस्कर वाइल्ड यांच्या छायाचित्राच्या ८५,००० प्रती एका शिळामुद्रण कंपनीने परस्पर छापल्या. छायाचित्र हे यंत्राचे काम असून त्यात कर्तृत्व नाही, असा कंपनीचा बचाव होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो १८८४ मध्ये फेटाळला. बैठक, वेशभूषा, छायाप्रकाश यांची योजना ही छायाचित्रकाराची निर्मिती ठरली. या खटल्यात खुद्द वाइल्ड यांच्या अधिकाराचा प्रश्न कोठेच नव्हता, ही गोष्ट लक्षणीय आहे. १८८८ मध्ये कोडॅकचा हाती धरावयाचा कॅमेरा निघाला आणि कोणीही कोणाचेही छायाचित्र काढू लागला. १८९० मध्ये वॉरन व ब्रँडाइस यांनी खाजगीपणाच्या हक्कावरील आपल्या प्रसिद्ध लेखात क्षणार्धात टिपलेल्या छायाचित्रांचा निर्देश केला. पुढे पिठाच्या जाहिरातीवर आपले चित्र विनापरवानगी छापले गेल्याची एका तरुणीची तक्रार न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९०२ मध्ये अमान्य केली. त्यावर एवढा लोकक्षोभ झाला, की व्यापारी उपयोगासाठी लेखी संमती सक्तीची करणारा कायदा त्या राज्याने पुढच्याच वर्षी केला.

भारतीय कायदा : प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार छायाचित्र ही कलाकृती असून ते काढणारी व्यक्ती तिची कर्ता होय. सामान्यतः प्रथम स्वामित्वही तिचेच. मात्र मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढवून घेतले, तर विरुद्ध करार नसल्यास काढवून घेणारा प्रथम स्वामी ठरतो. नोकरीच्या कामात काढलेल्या छायाचित्राचा स्वामी बहुधा मालक असतो. आजोबांनी पैसे देऊन स्टुडिओत काढवून घेतलेल्या तसबिरीचा अधिकार त्यामुळे वारसांकडे येऊ शकतो. पण परिचिताने प्रेमाने काढून दिलेल्या छायाचित्राचा अधिकार त्या परिचिताचाच राहतो. छायाचित्राची प्रत घरात असणे म्हणजे प्रताधिकार असणे नव्हे. पुस्तकातील वा वृत्तपत्रातील चित्र स्वतः यंत्रावर उतरवून घेतले, तरी त्या श्रमाने ते आपले होत नाही. साहित्यिक, समाजसुधारक इत्यादींची छायाचित्रे भांडारात आणणाऱ्या मराठी हौशी संपादकांची अडचण नेमकी येथेच होते.

अधिकाराची मुदत पूर्वी प्रकाशनापासून ५० वर्षे होती. १९९२ च्या दुरुस्तीने ती ६० वर्षे झाली. २१ जून २०१२ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने छायाचित्रांसाठीची वेगळी मुदत रद्द केली व छायाचित्रकाराचे आयुष्य अधिक ६० वर्षे हा सर्वसाधारण नियम लागू केला. त्यापूर्वीच संपलेले अधिकार मात्र पुन्हा जिवंत झालेले नाहीत.

छायाचित्रात दुसऱ्याची कलाकृती आली, तर गुंतागुंत वाढते. वास्तूचे, तसेच सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढण्यास व प्रसिद्ध करण्यास कलम ५२ नुसार मुभा आहे. ही सवलत रंगचित्रांना नाही. म्हणून चौकातील पुतळा चालतो, परंतु त्यामागील भिंतीवर अलीकडे रंगविलेले चित्र चालेलच असे नाही. काटेकोरपणे पाहिल्यास गणेशोत्सवातील मूर्तीही या सवलतीत बसत नाही, कारण ती दहा दिवसांची असते. यावर मूर्तिकार सहसा हरकत घेत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

परवाना व त्याची मर्यादा : क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने २००२ च्या डिसेंबरात आपले पहिले परवाने प्रसिद्ध केले. त्यांपैकी व्यापारी उपयोगास किंवा फेरबदलास मनाई करणारे परवाने विकिमीडिया कॉमन्स स्वीकारत नाही. ‘शैक्षणिक कामापुरते वापरा’ अशी परवानगी म्हणूनच तेथे निरुपयोगी ठरते. शिवाय हे परवाने मागे घेता येत नाहीत.

परवाना कशाचा नसतो, हे २००७ मधील एका प्रकरणाने दाखविले. अमेरिकेतील एका अल्पवयीन मुलीचे चर्चने योजलेल्या मोटारधुलाईच्या कार्यक्रमात काढलेले छायाचित्र छायाचित्रकाराने, केवळ श्रेय द्यावे एवढ्या अटीवर, फ्लिकर या संकेतस्थळावर ठेवले. ऑस्ट्रेलियातील व्हर्जिन मोबाईल कंपनीने ते थट्टेच्या मजकुरासह जाहिरातीत वापरले. छायाचित्रकाराने दिलेली परवानगी खरी होती. मुलीची संमती कोणी घेतलीच नव्हती. मुलीच्या कुटुंबाने टेक्ससमध्ये दावा लावला. परंतु ऑस्ट्रेलियन कंपनीवर आपली अधिकारिता नाही, असे म्हणून तेथील न्यायालयाने २००९ मध्ये तो काढून टाकला. मूळ प्रश्नाचा निर्णय झालाच नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या २०१३ च्या चौथ्या आवृत्तीत खाजगीपणाचे हक्क या परवान्याने दिले जात नाहीत, असे स्पष्ट शब्दांत नमूद आहे.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ ई प्रमाणे शरीराच्या गुप्त भागांचे चित्रण संमतीशिवाय टिपणे वा प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. याखेरीज रुग्णालय, घर, वर्ग अशा जागी काढलेल्या छायाचित्रास कायद्याचे कलम शोधत बसण्याआधी संबंधितांना विचारावे, हे श्रेयस्कर. मुलांच्या बाबतीत पालकांना विचारावे आणि हे चित्र उद्या जाहिरातीतही दिसू शकेल, हे सांगून विचारावे. नुसता होकार पुरेसा नाही.

एक धोका चित्रात दिसत नाही. भ्रमणध्वनीने काढलेल्या छायाचित्राच्या संचिकेत दिनांक, वेळ व बहुधा स्थळाचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात. ती नोंद भांडारातही सर्वांना वाचता येते. घरातील कुंडीचे चित्र अशा रीतीने घराचा ठिकाणा सांगू शकते. नोंद पुसून नवी संचिका वर चढविली, तरी जुनी आवृत्ती इतिहासात उरते; ती काढण्यास प्रचालकांना विनंती करावी लागते.

चित्र चढविणाऱ्याने सात दिवसांच्या आत मागणी केली व ते कोठे वापरात नसले, तर विकिमीडिया कॉमन्सवर ते सहसा विनाचर्चा काढले जाते. त्यानंतर जाहीर चर्चा होते. चित्र काढले गेले, तरी दरम्यान इतरांनी उतरवून घेतलेल्या प्रतींवर भांडाराचा ताबा नसतो.