स्पीकर मुके झाले म्हणजे

संगणकाच्या पडद्यावर एखादे इंग्रजी वाक्य अवचित उमटले, की चांगली शिकलेली माणसेही ते वाचीत नाहीत, नुसती घाबरतात. चौकट मिटवून टाकतात आणि शेजारच्या मुलाला हाक मारतात. मुलांना वाक्यपृथक्करण शिकवण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, अशा माझ्यासारख्या माणसाला मात्र ही वाक्ये फार आवडतात. ती रुक्ष असतात, पण बहुधा नेमके बोट ठेवतात.

बाहेरून जोडलेल्या स्पीकरांचेच घ्या. आवाज बंद पडला, की विंडोजवर चालणारा संगणक बहुधा तीनपैकी एक तक्रार करतो. पहिली : 'स्पीकर किंवा हेडफोन जोडलेले नाहीत.' दुसरी : 'ध्वनी बाहेर देणारे कोणतेही साधन बसवलेले नाही.' तिसरी : 'ध्वनिसेवा प्रतिसाद देत नाही.' आवृत्तीनुसार शब्द थोडे बदलतात, आशय हाच. आता नीट पाहा. पहिले वाक्य तारेविषयी आहे, दुसरे संगणकाच्या आतल्या साधनाविषयी आणि तिसरे आतल्या कारभाराविषयी. 'स्पीकर बिघडले' असे एकही वाक्य म्हणत नाही! आपण मात्र पहिल्यांदा नवे स्पीकर आणावयास धावतो.

हा केवळ गाण्यांचा प्रश्न असता, तर मी एवढा पाल्हाळ लावला नसता. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांची दृष्टी गेली आहे. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा एनव्हीडीए नावाचा एक कार्यक्रम ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी २००६ साली सुरू केला. तो विनामूल्य मिळतो आणि मराठीही वाचतो. काकांची वृत्तपत्रे, पत्रे, पुस्तके सारी त्याच्याच तोंडून. गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईनंतर तो आवाज थांबला. संगणक आपली तक्रार पडद्यावर लिहून मोकळा झाला; पण ती वाचून दाखवणाराच मुका झाला होता! एका दुरुस्तीवाल्याने नवे स्पीकर घ्यावयास सांगितले. तीन दिवस काका खिडकीशी नुसते बसून होते.

काकूंनी मात्र शहाणपणाची गोष्ट केली. पडद्यावरचे वाक्य अक्षर न् अक्षर कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून घेतले आणि वर येऊन म्हणाल्या, "बघ रे, यात काय म्हटलंय ते. यांचं वाचन अडलंय." वाक्य पहिले होते, म्हणजे दोष तारेपाशी. धूळ पुसून तारा पुन्हा लावताना स्पीकरची पिन गुलाबी भोकात गेली होती. ती हिरव्या भोकात घालताच यंत्राला वाचा फुटली.

या रंगांना अर्थ आहे. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी 'पीसी ९९' या नियमावलीत ते ठरवून दिले : स्पीकरला फिकट हिरवा, मायक्रोफोनला गुलाबी, बाहेरून ध्वनी आत घेण्यास फिकट निळा. ३.५ मिलिमीटरची ती पिनही घराणेदार आहे. तिची थोरली बहीण १८७८ साली टेलिफोन केंद्रात तारा जोडण्यासाठी आली.

तेव्हा पहिले वाक्य दिसले, तर भिंतीपासून निघावे. स्पीकरच्या विजेचे बटण चालू आहे का, आवाजाची खुंटी वर आहे का, पिन योग्य भोकात शेवटपर्यंत गेली आहे का? स्पीकर यूएसबीचे असतील, तर दुसऱ्या खाचेत लावून पाहावे.

दुसरे वाक्य दिसले, तर बहुधा ड्रायव्हरची अडचण असते. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि साधन यांच्यामधला दुभाष्या. स्टार्ट बटणावर उजवी टिचकी मारून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावा आणि 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' ही ओळ पाहावी. नावावर दोनदा टिचकी मारली, की संकेतांक दिसतो. २२ म्हणजे साधन बंद करून ठेवले आहे. ते 'एनेबल' करावे. २८ म्हणजे दुभाष्याच नाही. तो संगणक बनवणाऱ्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच आणावा, वाटेवरच्या फुकट्यांकडून नव्हे. १० म्हणजे साधन सुरू होत नाही. ते 'अनइन्स्टॉल' करून संगणक पुन्हा सुरू करावा, म्हणजे विंडोज त्याला नव्याने ओळखते.

तिसऱ्या वाक्यावर आधी संगणक बंद करून पुन्हा चालू करावा. न भागल्यास 'सर्व्हिसेस' उघडून 'विंडोज ऑडिओ' ही सेवा नव्याने सुरू करावी.

आणि तक्रार नाही, तरीही शांतता? मग आवाज एचडीएमआय तारेतून मॉनिटरकडे जात असेल. ध्वनीच्या सेटिंगमध्ये 'आउटपुट' म्हणून आपले स्पीकर निवडावेत.

यंदा साफसफाईत संगणक हलवण्यापूर्वी त्याच्या पाठीमागच्या तारांचे मोबाइलवर एक छायाचित्र काढून ठेवा. आणि पडद्यावर वाक्य उमटलेच, तर मिटवण्यापूर्वी ते जसेच्या तसे उतरवून घ्या. घरात कोणी त्या आवाजावर विसंबून असेल, तर हे काम आधी करा. फराळाचे मागाहून पाहता येईल.