कात्रजचा ढाळ आणि खोपोलीची झेप

कात्रजच्या तलावाच्या बांधावर उभे राहून उत्तरेस पुणे शहराकडे दृष्टी टाकली असता इमारतींची दाटी दिसते, रस्त्यांचा कोलाहल ऐकू येतो. परंतु ज्या एका गोष्टीमुळे हा तलाव शहराच्या उपयोगी पडला ती गोष्ट, म्हणजे जमिनीचा ढाळ, आता सहजासहजी ध्यानात येत नाही. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, इ.स. १७५० च्या सुमारास, येथील पाणी सुमारे आठ किलोमीटरांवरील शनिवारवाड्यापर्यंत व पेठांतील हौदांपर्यंत नेण्याची जी तजवीज झाली, तीत ना मोट होती, ना रहाट, ना पंप. भूमीखालून बांधत नेलेला दगडी नळ, त्यावर ठिकठिकाणी उभारलेले उच्छ्वास म्हणजे हवेला वाट देणारे बुरूज, आणि पाणी थांबणार नाही पण उसळणारही नाही असा मोजून दिलेला उतार, एवढ्या सामग्रीवर ते पाणी स्वतःच्या वजनाने चालत शहरात गेले. ज्यांनी हा ढाळ धरला त्यांच्या हाती भौतिकशास्त्राचे पुस्तक नव्हते, तरी उंची हीच संचित शक्ती होय हे मर्म त्यांना पूर्ण अवगत होते.

या जलमार्गाची आठवण मला झाली ती अगदी अनपेक्षित ठिकाणी, एका करमणुकीच्या उद्यानात. कात्रजहून बाह्यवळण मार्गाने वारजे, चांदणी चौक, वाकड मागे टाकीत किवळ्यास द्रुतगती मार्ग धरला, बोरघाट उतरला आणि खोपोलीहून पालीच्या रस्त्याला लागले, की खालापूर तालुक्यात इमॅजिका हे उद्यान लागते. चित्रपट व्यवसायातील मनमोहन शेट्टी यांच्या पुढाकाराने ते एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाले व २०२२ साली संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आले. महड आणि पाली या अष्टविनायकांच्या दोन स्थानांच्या दरम्यान, भातखाचरांच्या शेजारी, पोलादी रुळांचे ते वेटोळे प्रथम पाहताना मन क्षणभर थबकते.

तेथे दोन रोलर कोस्टर विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. त्यांपैकी ‘नायट्रो’ सुमारे चाळीस मीटर उंच असून ताशी सुमारे १०५ किलोमीटर वेग घेतो आणि प्रवाशाला पाच वेळा उलटा करतो. त्याची रीत आपल्या कात्रजच्या पाण्याचीच: साखळीने गाडी माथ्यावर न्यावयाची, सोडून द्यावयाची, आणि पुढचा सारा मार्ग तिने त्या एका चढाईच्या पुंजीवर कापावयाचा. चाळीस मीटरांवरून निसटलेली वस्तू तळाशी ताशी सुमारे शंभर किलोमीटर वेगाने पोहोचते हे शाळेच्या गणितानेही निघते. पुंजी किती हे उंचीवरून कळते आणि खर्च किती हे घर्षण व वारा ठरवितात. शेकडो वर्षांपूर्वी रशियातील बर्फाच्या घसरगुंड्यांपासून, १८८४ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसन यांनी उभारलेल्या लाकडी रुळमार्गापर्यंत, आणि तेथून १९५९ साली डिस्नेलँडमध्ये प्रथम वापरल्या गेलेल्या पोलादी नळ्यांच्या रुळापर्यंत, या खेळाचा कायदा हाच राहिला होता.

दुसरा रोलर कोस्टर ‘डीप स्पेस’. तो बंदिस्त दालनात, काळोखात धावतो, आणि त्याला माथ्यावर नेणारी साखळीच नाही. गाडी सपाट रुळावर उभी असते. क्षणभर शांतता असते. आणि मग पाठीमागून कोणी प्रचंड हाताने ढकलावे तशी ती पुढे झेपावते. अमेरिकेतील ज्या प्रीमियर राईड्स या कंपनीने तो घडविला, तिनेच १९९६ साली ओहायो व व्हर्जिनिया येथील दोन उद्यानांत विद्युतचुंबकीय बळाने गाडी झेपावण्याची युक्ती प्रथम यशस्वी करून दाखविली होती. त्यापूर्वी, १९७७ च्या सुमारास, जर्मन अभियंता आंटोन श्वार्त्सकोफ यांच्या आराखड्यांत उंचावरून जड वजन सोडून त्याच्या दोराने गाडी ओढण्याची, किंवा गरगरत्या अवजड चक्रात साठविलेली शक्ती एकदम गाडीला देण्याची योजना होती. वजन खाली सोडून गाडी ओढणे म्हणजे मोटेचाच प्रकार, फक्त उलटा.

या झेपेचे रहस्य असे की ती वस्तुतः आडवे केलेले पतन आहे. उंचावरून पडणाऱ्या वस्तूचा वेग ज्या दराने वाढतो त्याच दराने गाडीला सपाटीवर ढकलले, तर चाळीस मीटर अंतरात तिला अगदी तोच वेग येतो जो चाळीस मीटर उंचीवरून पडल्याने आला असता, आणि त्यास तीन सेकंदही लागत नाहीत. म्हणजे अभियंत्याने कडा उचलून जमिनीवर निजवला. उंची विकत घेण्याऐवजी वेग आधी घेतला, आणि त्या वेगाच्या बदल्यात पुढे हवी तेवढी उंची मिळविली. न्यू जर्सीतील ‘किंगडा का’ या २००५ च्या कोस्टरची गाडी साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटर वेग घेई. तेवढ्या वेगाने निघालेली वस्तू घर्षण नसते तर १६७ मीटर वर गेली असती, आणि त्याचा मनोरा होता १३९ मीटरांचा. मधले अंतर वारा व घर्षणाच्या नावे खर्ची टाकलेले. तरीही वाऱ्याच्या लहरीने कधी कधी गाडी शिखराच्या अलीकडूनच परत येई आणि त्या परतीचाही बंदोबस्त आधीच केलेला असे. तो कोस्टर २०२४ साली बंद झाला व पुढील फेब्रुवारीत त्याचा मनोरा सुरुंगाने पाडण्यात आला. वेगाचा मान आधीच, २०१० साली, अबुधाबीच्या ‘फॉर्म्युला रोसा’कडे गेला होता, तो ताशी २४० किलोमीटर वेग सुमारे पाच सेकंदांत घेतो.

‘डीप स्पेस’मधील विद्युतचुंबकीय बळ येते कोठून? घरातील टेबलपंख्याची मोटर डोळ्यांपुढे आणावी: बाहेर तारांची वेटोळी, त्यांतून फिरत जाणारे चुंबकीय क्षेत्र, आणि त्याच्या ओढीने गरगरणारा आतला भाग. ही मोटर एका जागी कापून सरळ पसरली, की फिरणारे चुंबकीय क्षेत्र धावणारे होते. वेटोळी रुळालगत मांडावयाची, आतल्या भागाची जागा गाडीच्या बुडाशी लावलेली धातूची पट्टी किंवा चुंबकांची रांग घेते, आणि गाडी त्या धावत्या क्षेत्रामागे ओढली जाते. स्पर्श नाही, दाते नाहीत, साखळी नाही.

येथे एक हिशेब मांडावासा वाटतो, कारण तो मांडल्यावाचून या यंत्राची खरी अडचण कळत नाही. समजा गाडी माणसांसह सहा टनांची आहे आणि तिला ताशी शंभर किलोमीटर वेग द्यावयाचा आहे. त्यास लागणारी ऊर्जा विजेच्या एका युनिटाच्या दोन तृतीयांशाहून किंचित कमीच भरते. तेवढ्या विजेत छताचा पंखा जेमतेम रात्रभर चालेल. परंतु ती रात्रभराची वीज तीन सेकंदांच्या आत द्यावयाची असल्याने मागणी अकराशे अश्वशक्तीच्या घरात जाते. म्हणून अनेक ठिकाणी दोन फेऱ्यांमधल्या वेळात ऊर्जा सावकाश साठवून ती एकदम सोडण्याची व्यवस्था असते. इमॅजिकापासून जवळच, खोपोलीस, १९१५ साली टाटांचे पहिले जलविद्युत केंद्र सुरू झाले; लोणावळ्याच्या पठारावरचे पाणी सुमारे सव्वापाचशे मीटर खाली आणून तेथे वीज होऊ लागली. पडत्या पाण्याची वीज आणि विजेचे हे आडवे पतन एकाच डोंगराच्या पायथ्याशी सापडावीत, हे मला फार समर्पक वाटते.

‘डीप स्पेस’मधील काळोखाचा परिणाम तर शरीरशास्त्राचा विषय आहे. आपल्या अंतर्कर्णात सूक्ष्म खड्यांचा भार असलेली इंद्रिये असतात. डोके कलले की ते खडे सरकतात, पण एकदम पुढे ढकलले तरीही तसेच सरकतात, आणि दोहोंतील भेद त्या इंद्रियांना करता येत नाही. उजेडात तो निवाडा डोळे करतात. अंधारात साक्षीदारच नसल्याने सपाट रुळावर झेपावणाऱ्या माणसाला आपण मागे कललो, वर चढत चाललो, असा भास होतो. रात्री विमानवाहू जहाजावरून यंत्राने झुगारलेल्या विमानांच्या वैमानिकांना हाच भास होतो, आणि म्हणून त्यांना आपल्या देहापेक्षा समोरच्या मापकावर विश्वास ठेवण्याचे शिक्षण द्यावे लागते.

भीती अशी मोजून उत्पन्न केलेली असली, तरी रक्षणाची व्यवस्थाही तितकीच मोजलेली असते, आणि मला तिचे कौतुक झेपेहून अधिक वाटते. डबा रुळाला तीन प्रकारच्या चाकांनी धरून ठेवतो: वरची चाके भार वाहतात, बाजूची वळणे सांभाळतात, आणि खालची डब्याला रुळावरून उडू देत नाहीत. उलट्या वेटोळ्याचा आकार पूर्ण वर्तुळ नसून पाण्याच्या थेंबासारखा असतो. १८९५ च्या कोनी आयलंडवरील वर्तुळाकार वेटोळ्याने प्रवाशांच्या माना दुखावल्या होत्या, कारण सरळ रुळावरून वर्तुळात शिरताच सारा दाब एका क्षणात देहावर येई. हळूहळू घट्ट होत जाणारी वक्ररेषा योजून हा दोष १९७६ साली वेर्नर श्टेंगेल यांनी कॅलिफोर्नियातील ‘रेव्होल्यूशन’मध्ये दूर केला, रेल्वेच्या वळणांवरही हेच तत्त्व पाळतात. थांबण्याच्या जागी पुष्कळ ठिकाणी कायमचे चुंबक बसविलेले असतात, आणि त्यांच्या फटीतून धातूची पट्टी गेली की त्या पट्टीतच उत्पन्न झालेला विद्युतप्रवाह गाडीला मागे ओढतो. त्यास बाहेरच्या विजेची गरज नाही. वीज गेली तरी हा ब्रेक लागतोच. एका वेळी एका टप्प्यात एकच गाडी, हा आगगाडीचा नियम येथेही लागू आहे. आणि प्रवेशाशी लावलेली उंचीची, हृदयविकाराची, मानेच्या दुखण्याची व गर्भारपणाची सूचना ही केवळ औपचारिकतेसाठी नाही. ती त्याच गणिताचा भाग आहे व तिचा अंमल प्रवाशाने स्वतः करावयाचा आहे.

दरवर्षी पुण्याच्या शाळांच्या सहली या उद्यानाकडे जातात. शिक्षकांना माझी विनंती आहे की त्यांनी सहलीपूर्वी एका सकाळी मुलांना कात्रजच्या तलावावर आणावे, जलमार्गाचा उच्छ्वास दाखवावा, पाणी कशाच्या बळावर शहरात गेले हे त्यांनाच विचारावे. आणि मग इमॅजिकात नायट्रोच्या कठड्याबाहेर उभे राहून, गाडीचे पहिले व शेवटचे चाक एकाच खांबापुढून जाण्यास किती वेळ लागतो तो घड्याळावर टिपून, तेथील कर्मचाऱ्यांना गाडीची लांबी विचारून, तिचा वेग मुलांकडून काढवून घ्यावा. घड्याळ एकाच्या हाती, वही दुसऱ्याच्या हाती, आणि रांगेत आपला क्रमांक येण्यापूर्वी उत्तर तयार.