डाउनलोड केलेली फाइल 'लॉक' का होते?

आता बघा, 'फाइल लॉक झाली' असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन निराळी दुखणी असतात. आधी संदेश वाचा.

वर्डमध्ये 'प्रोटेक्टेड व्ह्यू'ची पिवळी पट्टी दिसली, तर फाइल बिघडलेली नाही. इंटरनेटवरून आलेल्या फाइलला विंडोज 'झोन आयडेंटिफायर' नावाची चिठ्ठी चिकटवतं. तीत 3 हा आकडा असतो, म्हणजे 'इंटरनेट'. चिठ्ठी मजकुरात नसते, एनटीएफएस डिस्कवर फाइलच्या जोडीला ठेवलेली असते. म्हणून फाइल एफएटी32 पेन ड्राइव्हवर नेली की चिठ्ठी गळून पडते. धोका मात्र गळत नाही! पाठवणाऱ्याला फोन करून खात्री केलीत, तरच राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली 'अनब्लॉक'. अनोळखी 'बिल' असेल तर पट्टी राहू द्या. वाचता येतंच की.

दुसरं दुखणं, 'फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे'. इथे अनब्लॉक करून काही होत नाही. कधी एक्सप्लोररच्या प्रिव्ह्यूनेच ती धरलेली असते. ऑल्ट आणि पी दाबून तो बंद करा. वर्ड अडकलं असेल तर टास्क मॅनेजरमधून संपवा, पण न सेव्ह केलेलं काम जाईल हं. त्यानंतरही अडलं, तर त्याच फोल्डरमधली ~$ ने सुरू होणारी लपलेली फाइल काढून टाका.